लॅक्सीचं पाणचाक आणि जुनी खाण (आयल ऑफ मॅन): आई-बाबांना घेऊन जमेल काय?

शहापूरची_लेक

नमस्कार मंडळी. बहीण मँचेस्टरला असते. आई-बाबा (वय 66 आणि 71) बेळगावहून मे महिन्यात तिच्याकडं येऊलेत, पंधरा दिवस. लंडन, विंडसर वगैरे ठरलंय, पण बाबांचा हट्ट आहे आयल ऑफ मॅन बेटावरचं लॅक्सीचं पाणचाक बघायचं. उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) क्रँकशाफ्टच्या कामात वर्षं गेली, त्यामुळं चाक आणि दांडा म्हटलं की ते कुणाचं ऐकत नाहीत.

विचारायचं ते असं. ब्रिटनच्या टूरिस्ट व्हिसावर तिथं जाता येतं काय, की वेगळा काढावा लागतो? बोट बरी की विमान? एका दिवसात जाऊन येता येईल काय? आईचे गुडघे दुखतात, तर चालणं आणि चढणं किती? खाणीत आत सोडतात काय? आणि हे चाक नक्की काय करायचं, ते जरा उलगडून सांगा की. इंटरनेटवर जो तो "जगातलं सर्वात मोठं" एवढंच लिहून मोकळा होतो.

---

हिंडलगा_ते_हीशम

प्रवासाचं मी सांगतो, यंत्राचं जाणकार सांगतील.

व्हिसा: आयल ऑफ मॅन हा युनायटेड किंगडमचा भाग नाही, ते ब्रिटिश राजमुकुटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र कारभाराचं बेट आहे. तरीही ब्रिटन आणि हे बेट एकाच सामायिक प्रवास क्षेत्रात येतात आणि ब्रिटनचा वैध व्हिजिटर व्हिसा तिथं चालतो. मात्र पासपोर्ट आणि व्हिसाचा पुरावा सोबत ठेवा. बोटीवर चढताना फोटो ओळखपत्र लागतं आणि आपलं आधार कार्ड तिथं कुणी विचारत नाही. हंगामात डब्लिनहूनही बोट असते, ती स्वस्त दिसली तरी त्या वाटेला जाऊ नका. आयर्लंडचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत.

बोट की विमान: मँचेस्टरहून बेटावर विमान पाऊण तासात उतरतं. विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला रोनाल्ड्सवेला आहे, तिथून डग्लस शहरात बसनं यायचं आणि पुढं लॅक्सी. बोट लिव्हरपूलहून साधारण पावणेतीन तास (ही वेगवान बोट फक्त हंगामात) आणि हीशम बंदरातून पावणेचार तास. आयरिश समुद्र खवळला की वेगवान बोट आधी रद्द होते, मोठी बोट शक्यतो जाते. आईंना एस.टी.त घाट लागत असेल तर विमानच धरा. गाडी सोबत न्यायची असेल तरच बोटीत अर्थ आहे.

एका दिवसात: कागदावर जमतं. पण सकाळच्या विमानाला तासभर उशीर झाला तर चाक बघायला जेमतेम दोन तास उरतात, आणि संध्याकाळी धुकं उतरलं की परतीचंही सांगता येत नाही. दोन रात्री राहा. डग्लसच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर राहायची सोय भरपूर आहे.

तारखा मात्र आधी बघा, यातच माणसं फसतात. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिथं टीटी ही मोटरसायकल शर्यत असते. बोटी, हॉटेलं वर्षभर आधी भरतात, दर दुप्पट-तिप्पट होतात आणि डोंगरातला रस्ता शर्यतीसाठी बंद होतो. आपल्याकडं मुलांच्या सुट्ट्या आणि पाऊस सुरू व्हायच्या आधीचे दिवस धरून लोक नेमकं मेअखेरचं तिकीट काढतात आणि मग कपाळाला हात लावतात. मेचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा.

पैसे: बेटाचा स्वतःचा पाउंड आहे, किंमत ब्रिटिश पाउंडाइतकीच. ब्रिटिश नोटा तिथं चालतात, तिथल्या नोटा मँचेस्टरच्या दुकानात चालत नाहीत. परतायच्या आधी संपवा किंवा बदलून घ्या. 20 पाउंडाची एक नोट मात्र बाबांसाठी ठेवायला हरकत नाही, तिच्या मागच्या बाजूला हेच चाक छापलंय.

मोबाइल: ब्रिटनचं सिम असलं तरी काही कंपन्या बेटावर रोमिंगचे पैसे लावतात. प्रवास विम्यात बेटाचं नाव धरलंय काय, तेही एकदा वाचा.

आणि जाता जाता, लेकीसाठी कुंदा बांधू नका. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे आणि कुंदा म्हणजे सगळं दूधच. विमानतळावर काढून घेतला तर त्या डब्याचं दुःख वेगळंच. शेंगाची चटणी न्या.

---

उद्यमबाग_फिटर

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबण लागेल, पण ते वाचतील याची खात्री आहे.

आपलं रहाटगाडगं आठवा. बैल चाक फिरवतो, चाक विहिरीतलं पाणी वर आणतं. लॅक्सीत बैलाच्या जागी पण पाणीच आहे. डोंगरातलं पाणी चाक फिरवतं आणि ते चाक खाणीत साचलेलं पाणी उपसतं. धान्य दळणं नाही, धातू कुटणं नाही, वीज तर नाहीच. काम एकच, उपसा.

उपसा का लागतो? इथली खाण म्हणजे आपल्या भागातल्या बॉक्साइटसारखी डोंगराचा माथा खरवडून काढायची नाही. शिसे आणि जस्ताच्या शिरा उभ्या खाली गेलेल्या, त्यांच्या मागं माणूस खाली गेला. दरीच्या तळापेक्षा वर असलेल्या भागाला आडवा बोगदा मारला की पाणी आपोआप वाहून जातं. पण त्या बोगद्याच्या खाली गेलात की झिरपणारा थेंब न् थेंब उचलूनच काढावा लागतो. ही खाण 600 मीटरपेक्षा खोल गेली होती. उपसा आठवडाभर थांबला तर खालचे मजले बुडणार. मग वाफेचं इंजिन का नाही? बेटावर दगडी कोळसा नाही, तो जहाजानं आणायचा म्हणजे पैसा. पाणी मात्र डोंगरातून फुकट वाहतंय.

चाकाचे आकडे: 1854 साली सुरू झालं. रचना रॉबर्ट केसमेंट यांची. व्यास 72 फूट 6 इंच (22.1 मीटर), रुंदी 6 फूट. परिघावर 168 लाकडी बादल्या, एकेकीत 24 गॅलन, म्हणजे सुमारे 109 लिटर. पूर्ण कामावर असताना मिनिटाला तीनेक फेरे. उपसा मिनिटाला 250 गॅलन, म्हणजे 1,136 लिटर. नाव "लेडी इझाबेला", त्या वेळचे लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स होप यांच्या पत्नीवरून.

आता हिशेब. 168 बादल्या गुणिले 3 फेरे, म्हणजे मिनिटाला 504 बादल्या. सगळ्या काठोकाठ भरल्या असं धरलं तर 55,000 लिटर पाणी 22 मीटर खाली पडणार. उचलायचंय 1,136 लिटर. म्हणजे खाणीतला एक लिटर वर आणायला डोंगरातलं जवळपास 48 लिटर पाणी चाकावरून पडायला तयार. प्रत्यक्षात बादल्या पूर्ण भरत नाहीत, खाली येता येता सांडतात, घर्षण खातं, पंपाच्या वाट्या गळतात. म्हणून हा कागदी आकडा जसाच्या तसा हाती येत नाही. पण एवढं मोठं चाक का बांधलं, ते यातून कळतं. दुसऱ्या बाजूनं बघा: मिनिटाला 1,136 लिटर पाणी 100 मीटर वर चढवायला घर्षण न धरताही सुमारे 25 अश्वशक्ती लागते. शेतातल्या 5 अश्वशक्तीच्या मोटरीशी ताडून बघा आणि खोली 100 मीटरवर थांबत नव्हती हेही धरा.

पाणी कुठून सोडतात ते नीट बघायला सांगा. चाकाच्या माथ्यावरून पुढच्या अंगाला पाणी टाकलं तर चाक पाण्याच्या ओघाच्या दिशेनं फिरतं. इथं माथ्याला पोचलेलं पाणी मागच्या अंगाला वळवून बादल्यांत सोडलंय, त्यामुळं चाक "उलटं" फिरतं. फायदा खाली दिसतो. चाकाचा तळ आणि वाहून जाणारं पाणी एकाच दिशेला जातात, म्हणून तळाशी पाणी तुंबलं तरी ते चाकाला मागं ओढत नाही.

आता बाबांच्या आवडीचा भाग. चाकाच्या आसाला क्रँक (गोल फिरणं पुढं-मागं सरकण्यात बदलणारा बाक) आहे, फेक, म्हणजे आसाच्या मध्यापासून दांडा जोडलाय तिथंपर्यंतचं अंतर, 4 फूट, म्हणजे दांड्याची एकूण चाल 8 फूट. पण खाणीचं तोंड चाकाजवळ नाही, सुमारे 180 मीटर लांब आहे. तिथंपर्यंत दगडी कमानींच्या पुलावरून लाकडी दांडा गेलाय, जोडाजोडाला लोखंडी पट्ट्या आणि खाली छोटी चाकं. हा दांडा पुढं-मागं सरकतो, फिरत नाही. लाकडाचा एवढा लांब दांडा ओढायला पोलादासारखा, ढकलायला मात्र वेतासारखा, मध्येच वाकेल. म्हणून ताकदीचं काम ओढण्याच्या चालीत करायचं आणि परतीची चाल वजनावर सोडायची. चाकाजवळ प्रतिभार आहे तो यासाठीच. तो नसता तर अर्ध्या फेऱ्यात चाक रखडलं असतं आणि उरलेल्या अर्ध्यात सुसाट सुटलं असतं.

दांड्याच्या शेवटी इंग्रजी टी अक्षरासारखी झुलती तुळई. आडवी चाल तिथं उभी होते आणि पंपाचा दांडा खाणीच्या उभ्या विहिरीत खाली-वर होतो. पंप एकच नसतो, टप्प्याटप्प्यानं असतात, खालचा वरच्याच्या हौदात टाकतो. आणि पाणी जमिनीपर्यंत आणायची गरजच नाही. आडव्या बोगद्याच्या पातळीला आणलं की पुढं ते आपसूक नदीला जातं.

सांगायचा मुद्दा, चाक बघून परत फिरू नका. नव्वद टक्के लोक चाकावर चढतात, फोटो काढतात आणि निघतात. चाक म्हणजे नुसती मोटर. पंप बघायला दांड्याच्या कडेनं शेवटपर्यंत चाला.

---

निपाणी_पाटील

छान. एक शंका. चाकाशेजारच्या पांढऱ्या गोल मनोऱ्यातून पाणी वर चढतं म्हणतात. चाक तर पंप चालवतंय खाणीत, मग मनोऱ्यावर पाणी चढवायला दुसरा पंप कुठं आहे?

---

उद्यमबाग_फिटर

पंप नाहीच. डोंगरात चाकाच्या माथ्यापेक्षा उंचावर हौद आहे. आजूबाजूच्या ओढ्यांचं पाणी पाटानं त्यात आणलंय. हौदापासून बंद नळ जमिनीखालून दरीत उतरतो आणि मनोऱ्याच्या पोटातून वर चढतो. नळ बंद आहे तोवर पाणी आपली पातळी गाठणारच. गवंडी पारदर्शक नळीत पाणी घालून दोन भिंतींची लेव्हल काढतो, तोच न्याय. हौद माथ्यापेक्षा जरा वर ठेवायचा तो नळातल्या घर्षणापायी आणि माथ्यावर धार हवी म्हणून.

उघडा पाट का नाही केला, असं कुणी विचारेल. दरी ओलांडून 22 मीटर उंचीवर उघडा पाट न्यायचा तर कमानींवर कमानी बांधाव्या लागल्या असत्या. नळ जमिनीतून गेला, खर्च वाचला. तोटा असा की खालच्या भागात दाब मोठा, जोड सुटला तर तिथंच सुटणार. वरच्या तोंडाला पालापाचोळा अडवायला जाळी हवीच, कारण खालच्या वळणात गाळ साचला की काढणं कठीण.

अजून एक. असं चाक कोरडं पडून राहणं त्याला सोसत नाही. लाकूड खालच्या अंगाला भिजतं, वरच्या अंगाला सुकतं, एक बाजू जड होते आणि सुरू करताना गचके बसतात. बादल्यांच्या फळ्या सुकून फटी पडल्या की पाणी अर्ध्या वाटेतच गळून जातं. पर्यटकांसाठी ते नुसतं फिरवत नाहीत, फिरणं चाकाच्या तब्येतीलाही लागतं. पण दुरुस्ती असली की थांबलेलं असतं. जायच्या आदल्या दिवशी "चालू आहे काय" विचारून घ्या.

---

कॅसलरॉक_मीटरगेज

शिरस्त्याप्रमाणं रेल्वेची बाजू माझ्याकडं. लॅक्सी एवढंसं गाव, पण तिथं तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ आहेत.

पहिला मँक्स (म्हणजे आयल ऑफ मॅनची) इलेक्ट्रिक रेल्वेचा, 3 फुटी. डग्लसहून लॅक्सीपर्यंत 1894 साली आला, पुढं रॅम्झीपर्यंत 1899 साली. चाक बघायला यावरूनच जा. डग्लसला गाडी डर्बी कॅसल इथून सुटते आणि ते ठिकाण बोटीच्या धक्क्यापासून समुद्राकाठच्या रस्त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, जवळपास 3 किलोमीटरवर आहे. सामान घेऊन पायी जाऊ नका. लॅक्सीला पोचायला अर्धा तास लागतो. 1893 सालचे डबे अजून वापरात आहेत. उघड्या बाजूंचा डबा जोडलेला असतो, मे महिन्यात हौसेनं त्यात बसाल तर समुद्राचा वारा कान बधिर करतो. आईंना बंद डब्यात बसवा.

दुसरा स्नेफेल डोंगराचा, 3 फूट 6 इंच, 1895 सालचा. लॅक्सीच्या त्याच स्टेशनातून शेजारच्या फलाटावरून सुटतो. चढ 12 फुटांना 1 फूट. आपला कॅसलरॉक ते कुळे ब्रागांझा घाट 37 ला 1, त्यावरून अंदाज घ्या. दोन रुळांच्या मध्ये तिसरा जाड रूळ दिसेल, तो दात्यांचा नाही. चढताना गाडी नेहमीच्या चाकांवरच चढते, मधला रूळ दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरून ब्रेक लावायला आहे. वर अर्ध्या तासात. माथा 621 मीटर, बेटावरचा सर्वात उंच. आता गंमत बघा, आपलं बेळगाव 750 मीटरच्या आसपास. म्हणजे तिथल्या सर्वोच्च शिखरावर उभं राहूनही आई-बाबा शहापूरच्या घरापेक्षा खालीच असणार! थंडी मात्र तुलनेबाहेर. ढग बसला असेल तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, तिकीट काढायच्या आधी मान वर करून बघा.

तिसरा रूळ खाणीचा, 19 इंची, म्हणजे अर्ध्या मीटरलाही कमी. खाणीच्या आडव्या बोगद्यातून खनिजाच्या गाड्या धुण्याच्या जागेपर्यंत आणणारा. त्यावर 1877 साली "अँट" आणि "बी" नावाची दोन इवलीशी वाफेची इंजिनं आली. मूळ इंजिनं भंगारात गेली, आता धावतात त्या त्यांच्याच मापाच्या प्रतिकृती. 2004 साली हौशी मंडळींनी हा मार्ग पुन्हा सुरू केला. हमरस्ता आणि विजेच्या गाडीच्या रुळांखालून तो बोगद्यानं जातो. डब्यात बसताना गुडघे हनुवटीला लागतात, आईंना विचारून बसवा. ही गाडी स्वयंसेवक चालवतात, म्हणून रोज नसते. साधारण ईस्टर ते सप्टेंबर, शनिवारी आणि तिथल्या बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला). मधल्या वारी गेलात तर कुलूप.

---

खानापूरकर

वरचं सगळं बरोबर. चालण्याचं आणि खाणीचं राहिलं, ते लिहितो.

लॅक्सी स्टेशनपासून चाकापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची चाल, सगळी चढाची. हळू जाणाऱ्यानं वीस-पंचवीस मिनिटं धरावीत. गाडीनं आलात तर चाकाच्या जवळ उतरता येतं. चाकाच्या माथ्यावरच्या सज्जात जायला 95 पायऱ्या आहेत, मनोऱ्याला वळसा घालून गोल वर जाणाऱ्या. अरुंद आहेत, समोरून माणूस आला की अंग चोरावं लागतं. गुडघेदुखीत चढणं निभावतं, उतरणं त्रास देतं, कारण गोल जिन्यात आतल्या बाजूला पाऊल अर्धंच टेकतं. आईंनी खालीच थांबावं. खरं तर चाक खालूनच मोठं दिसतं, वरून दिसते ती दरी आणि दांड्याचा पूल. पाऊस असेल तर पायऱ्या निसरड्या, वारा जोरात असेल तर वर जाणं बंद ठेवतात. रबरी तळाचे बूट घाला, कोल्हापुरी नको.

खालच्या बाजूनं चाकघराच्या भिंतीवर तीन पायांचं चिन्ह आणि 1854 साल दिसेल. ते बेटाचं बोधचिन्ह. त्याखालच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ, कसंही फेका, उभंच राहील.

मग दांड्याच्या पुलाकडेनं दरीत वर जायचं. वाट बऱ्यापैकी सपाट आहे. शेवटाला टीसारखी तुळई, पंपाच्या विहिरीची जागा आणि खाणीचा एक आडवा बोगदा. त्यात थोडं अंतर आत जाता येतं, शिरस्त्राण घालून. उभ्या विहिरीत किंवा खालच्या मजल्यांत कुणालाही सोडत नाहीत. 1929 साली खाण बंद पडली, उपसा थांबला आणि खालचे मजले पाण्याखाली गेले. 600 मीटर खाली उतरायला मिळेल अशा आशेनं जाऊ नका. बोगद्यात छत ठिबकतं, थंड असतं, पातळ स्वेटर लागेल.

वाट सोडून आजूबाजूच्या टेकाडांवर फिरू नका. खाणीच्या जुन्या भागात झाकलेल्या विहिरी असतात. उपसून टाकलेल्या मातीत शिसे असतं. लहान मुलं सोबत असतील तर तिथली माती खेळायला देऊ नका, खाण्याआधी हात धुवा.

आता एक गोंधळ निस्तरतो. लॅक्सीत चाकं दोन आहेत. खाली गावात, जिथं खनिज कुटून-धुवून शिसे आणि जस्त वेगळं करायचे, तिथं आता बाग आहे आणि त्या बागेत दुसरं चाक उभं आहे, 50 फूट 6 इंच व्यासाचं. ते लॅक्सीच्या खाणीचं नाही. वर दरीत असलेल्या स्नेफेल खाणीचं 1865 सालचं चाक, मध्यंतरी इंग्लंडात कॉर्नवॉलला गेलं आणि पुन्हा बेटावर आणून 2006 साली इथं बसवलं. लोक याचे फोटो "लेडी इझाबेला" म्हणून टाकतात. ओळखायची खूण सोपी: पांढरा मनोरा आणि गोल जिना नसेल तर ती इझाबेला नव्हे.

त्या स्नेफेल खाणीत 10 मे 1897 रोजी 20 कामगार दगावले, तेही ना पाण्यानं ना दरडीनं. आत लाकडी टेकूंना आग लागली, धुमसत राहिली आणि कार्बन मोनॉक्साइड साचला. त्या वायूला वास नाही, रंग नाही. सोमवारी सकाळी पाळी खाली उतरली तेव्हा धूर दिसला असता तर माणसं परतली असती. मे महिन्यातच जाताय म्हणून सांगितलं.

"जगातलं सर्वात मोठं" याबद्दल: सध्या फिरत असलेल्या पाणचाकांत सर्वात मोठं, असं म्हणा.

तिकीट मँक्स नॅशनल हेरिटेजचं. बहिणीकडं इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व असेल तर कार्ड सोबत ठेवा, तिकीट काढायच्या आधी दाखवा. चाकाचा परिसर वसंत ते ऑक्टोबरअखेर खुला असतो.

---

शहापूरची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. बाबांनी फिटर काकांचं उत्तर दोनदा वाचून घेतलं आणि वहीत 48 लिटरचा हिशेब मांडला. आता असं ठरवलंय: मेच्या दुसऱ्या आठवड्यात विमानानं जायचं, बुधवारी पोचून गुरुवारी लॅक्सी, शुक्रवारी परत. सकाळी विजेच्या गाडीनं लॅक्सी, आधी चाक, मग दांड्याच्या कडेनं खाणीपर्यंत, दुपारी खाणीची छोटी गाडी, वेळ उरला तर स्नेफेल. आई खाली बाकावर बसेल. बरोबर आहे काय?

---

कॅसलरॉक_मीटरगेज

वैनी, गुरुवारी खाणीची गाडी नसते. शुक्रवारी पोचा, शनिवारी लॅक्सी, रविवारी परत. क्रमही उलटा करा. स्नेफेल सकाळी आकाश मोकळं असेल तर आधी उरका, दुपारनंतर ढग बसायची शक्यता जास्त. स्नेफेलची गाडी लॅक्सीलाच परत येते, म्हणजे वाट वाकडी होत नाही.

---

उद्यमबाग_फिटर

आणि बाबांना सांगा, पुलाच्या मध्यावर उभं राहून दांड्याच्या एका जाण्या-येण्याचा वेळ घड्याळावर मोजा. दांडा एकदा पुढं जाऊन परत आला की चाकाचा एक फेरा झाला. मिनिटाला तीन फेरे असतील तर तो वेळ 20 सेकंद भरेल. त्याहून जास्त भरला तर पाणी कमी सोडलंय. आवाजाकडंही कान द्या: एवढं धूड असून दांडा जवळजवळ मुका सरकतो. करकर ऐकू आली तर कुठल्यातरी छोट्या चाकाला ग्रीस हवंय.